अल्टरनेटर काढण्याआधी हात कुठून जाणार ते पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरच्या घरी गाडीचा अल्टरनेटर (इंजिन चालू असताना वीज तयार करून बॅटरी भरणारे यंत्र) कसा बदलावा याविषयीचा सल्ला आजकाल कोणाकडूनही मिळतो आणि तो बहुतेक वेळा एकाच साच्यातला असतो : बॅटरीची वायर सोडवा, त्याला फिरवणारा बेल्ट उतरवा, दोन-तीन बोल्ट काढा, जुना बाहेर घ्या, नवा आत ठेवा आणि उलट्या क्रमाने सगळे जोडा. या सल्ल्यात चूक अशी काही नाही. पण ज्या गाडीत इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये मनगटही धड शिरत नाही, तिच्या मालकाला त्याचा उपयोग जवळजवळ शून्य आहे. विजेच्या बाजूने पाहिले तर हे काम खरोखरच सोपे आहे. अवघड असते ती जागा, आणि नेमके जागेविषयीच कोणी बोलत नाही. म्हणून हा पत्रप्रपंच.

ही अडचण आली कुठून, हे थोडक्यात सांगायला हवे. १९५९ साली आलेल्या मिनी या छोट्या मोटारीने आडवे बसवलेले इंजिन आणि पुढच्या चाकांना मिळणारी चाल ही जोडी लोकप्रिय केली, आणि पुढे बहुतेक लहान गाड्यांनी तीच रचना उचलली. त्यामुळे प्रवाशांना पाय पसरायला जागा मिळाली, पण बेल्ट आणि पुल्यांची बाजू थेट चाकाच्या आतल्या भिंतीला येऊन भिडली. जवळपास त्याच सुमारास, १९६० मध्ये, क्रायस्लरने आपल्या व्हॅलियंट गाडीत डायनामोऐवजी (वीज तयार करणाऱ्या जुन्या यंत्राऐवजी) अल्टरनेटर दिला आणि त्या दशकात डायनामो हळूहळू हद्दपार झाला. वीस-तीस अँपिअर देणाऱ्या डायनामोच्या जागी आज शंभर-दीडशे अँपिअरचे अल्टरनेटर असतात. भोवती एसीचा कॉम्प्रेसर, टर्बोचे पाइप आणि धूर शुद्ध करणारी यंत्रणा यांची दाटी असते. प्रत्येक नवी सोय त्याच चौकटीत कोंबली गेली, आणि अल्टरनेटर वर्षानुवर्षे हात न लावताही चालतो म्हणून तो सर्वांत खाली किंवा सर्वांत मागे ढकलला गेला.

जागा जितकी कमी, तितकी आधीची तपासणी अधिक कसून व्हायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. मोकळ्या इंजिनात अंदाजाने अल्टरनेटर काढला आणि दोष दुसरीकडे निघाला तर थोडी दमछाक होते, इतकेच. पण जिथे चाक, चाकाआडचे प्लास्टिकचे आवरण आणि कदाचित इंजिनाचे एक माउंटिंगही (इंजिन बॉडीला धरून ठेवणारा आधार) काढावे लागते, तिथे चुकीचे निदान फार महागात पडते. त्यासाठी व्होल्टेज मोजणारा एक साधा मल्टिमीटर पुरतो. गाडी काही तास बंद असताना पूर्ण चार्ज असलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे ती निम्म्यावर आली आहे. इंजिन सुरू केल्यावर हाच आकडा साधारण १३.५ ते १४.७ च्या दरम्यान चढायला हवा. तो चढला नाही, तर चार्जिंग होत नाही एवढेच सिद्ध होते. अल्टरनेटर बिघडला आहे हे अजून सिद्ध झालेले नसते. शिवाय अलीकडच्या अनेक गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी संगणकच अल्टरनेटरला अधूनमधून आराम देतो, त्यामुळे आकडा १२.८ वर रेंगाळला म्हणून घाबरून जाऊ नये. हेडलाइट, मागच्या काचेचा हीटर आणि ब्लोअर चालू करून पुन्हा पाहावे.

पुढची पायरी बहुतेक जण गाळतात. मल्टिमीटरची एक टोचणी अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरीच्या खिळीवर आणि दुसरी बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवर ठेवून, इंजिन आणि दिवे चालू असताना, या दोन टोकांमधला फरक मोजावा. तो ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा जास्त आला, तर वीज तयार होते आहे, पण वाटेतच मुरते आहे. म्हणजे वायर सडली आहे, नट सैल आहे किंवा मधला मोठा फ्यूज-दुवा गेला आहे. हीच तपासणी अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल यांच्यामध्येही करावी, कारण इंजिनाची अर्थिंगची पट्टी गंजली की लक्षणे हुबेहूब अल्टरनेटर गेल्यासारखीच दिसतात. अर्थात, जागा इतकी अरुंद असेल की चालू इंजिनाच्या बेल्टजवळून हात न्यावा लागेल, तर ही तपासणी करूच नये. इंजिन बंद ठेवून वायरींची टोके डोळ्यांनी आणि हाताने तपासणे हा तिथे शहाणपणाचा मार्ग आहे.

चार्जिंगच्या लाल दिव्याकडेही नीट पाहावे. चावी फिरवल्यावर तो लागायला हवा आणि इंजिन सुरू होताच विझायला हवा. जुन्या पद्धतीच्या अनेक गाड्यांत अल्टरनेटरच्या आतल्या फिरत्या भागाला, म्हणजे रोटरला, सुरुवातीचा चुंबकीय प्रवाह या दिव्यातूनच मिळतो. त्यामुळे डॅशबोर्डमधला चिमुकला बल्ब उडाला की चांगला अल्टरनेटरही मुका बसतो. उलट रात्रभरात बॅटरी उतरत असेल, तर अल्टरनेटरमधला एखादा डायोड फुटून प्रवाह उलट गळत असण्याची शक्यता असते. अल्टरनेटरमध्ये तीन फेजची एसी वीज तयार होते आणि डायोड तिची डीसी करतात. एक डायोड गेला तरी चार्जिंग थोडेफार सुरू राहते, म्हणून हा दोष लपून राहतो. मल्टिमीटर एसीवर ठेवून चालू इंजिनाच्या बॅटरीवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा दिसला, तर डायोडवर संशय घ्यायला हरकत नाही. बेअरिंगची घरघर मात्र कोणत्याही यंत्राशिवाय कानाला कळते. आणि रोटरला वीज पोहोचवणारे कार्बन ब्रश झिजले असतील, तर पुष्कळ मॉडेलमध्ये ब्रश आणि रेग्युलेटरचा (व्होल्टेज आटोक्यात ठेवणाऱ्या भागाचा) एकत्र तुकडा मागच्या बाजूने दोन-तीन स्क्रू काढून बदलता येतो. तिथे हात पोहोचत असेल, तर अख्खा अल्टरनेटर काढण्याचे कारणच उरत नाही.

निदान पक्के झाले की, जुना काढण्याआधी नवा हातात असावा आणि दोन्हींची तुलना करावी. जुना अजून आत असल्यामुळे ही तुलना आरसा आणि टॉर्च घेऊनच करावी लागते, पण ती टाळू नये. कानांची (बोल्ट ज्यातून जातात त्या भोकांच्या पुढे आलेल्या भागांची) जागा, प्लगमधल्या पिनांची संख्या, अँपिअरचा आकडा आणि पुलीवरच्या खाचा जुळायला हव्यात. पुली साधी आहे की एकाच दिशेने मोकळी फिरणारी, हेही पाहावे. रोटर धरून ठेवला असता जी पुली एका बाजूला सुटी फिरते आणि दुसऱ्या बाजूला पकडते, ती मोकळी फिरणारी पुली होय. तिच्या जागी साधी पुली लावली तर बेल्टला हिसके बसतात आणि बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर लवकर निकामी होतो. जुन्या अल्टरनेटरवर वरून तेल किंवा कूलंट ठिबकत असेल, तर ती गळती आधी बंद करावी. नाहीतर नवाही त्याच वाटेने जाईल.

आता जागेचा मुख्य प्रश्न. माझ्या पाहण्यात बहुतेक लोकांचा वेळ बोल्ट काढण्यात जात नाही. काहीही न काढता बोल्टपर्यंत पोहोचण्याच्या हट्टात जातो. दोन बोटांनी धरलेला पाना दर वेळी चतकोर फिरतो, मग निसटतो, मग बोल्टचे डोके गोल होते आणि सोपे काम अशक्य होऊन बसते. याउलट सुरुवातीलाच चाक आणि त्यामागचे आवरण काढले, तर तीच बाजू उघड्या खिडकीसारखी समोर येते. म्हणून पहिला अर्धा तास पाना हातातही न घेता केवळ पाहण्यात घालवावा. अल्टरनेटर सुटल्यावर तो बाहेर येणार कुठून, हा प्रश्न बोल्टांच्या आधी सोडवायचा असतो. वरून काढायचा तर हवेचा पाइप आणि एअर फिल्टरचा डबा हलवावा लागतो. पुढून काढायचा तर रेडिएटरचा पंखा त्याच्या चौकटीसह उचलावा लागतो. खालून काढायचा तर सायलेन्सरचा पाइप आणि चाकाकडे जाणारा दांडा यांच्यामधून वाट आहे का, ते मापून पाहावे लागते. यातली कोणतीही वाट निवडताना एक मर्यादा मात्र कडक पाळावी : एसीच्या गॅसचे पाइप उघडायचे नाहीत. कॉम्प्रेसर वाटेत येत असेल, तर तो पाइपांसकट बोल्ट काढून बाजूला सरकवावा आणि दोरीने किंवा तारेने टांगून ठेवावा, त्याचे वजन पाइपांवर येऊ देऊ नये.

कामाला हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवावी, हे सगळेच सांगतात. का, ते क्वचितच सांगतात. अल्टरनेटरच्या मागची जाड वायर थेट बॅटरीच्या पॉझिटिव्हला जोडलेली असते, चावी काढली तरी ती जिवंतच राहते. मोकळ्या जागेत पाना चुकूनच बॉडीला टेकतो. अरुंद जागेत तो टेकतोच, कारण चहूबाजूंनी लोखंडच असते. तसे झाले तर पाना क्षणात लाल होतो, आणि बोटात अंगठी असेल तर तीही. निगेटिव्ह आधी सोडवल्याने हा रस्ताच बंद होतो. काही गाड्यांत बॅटरी सोडवल्यावर रेडिओचा कोड मागितला जातो किंवा काचांची स्वयंचलित चाल नव्याने शिकवावी लागते, तेव्हा त्याची तयारी ठेवावी. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून अल्टरनेटर तपासण्याची जुनी पद्धत मात्र आता पूर्णपणे सोडून द्यावी. त्या क्षणी व्होल्टेज इतके उसळू शकते की गाडीतले संगणक कायमचे जळतील. गाडी उचलायची असेल, तर जॅकच्या भरवशावर तिच्याखाली कोणीही जाऊ नये. सपाट जमीन, मागच्या चाकांना अटकाव आणि भक्कम स्टँड या तीन गोष्टी नसतील, तर ते काम घरी करण्याजोगे नाही.

बेल्ट उतरवण्याआधी त्याच्या मार्गाचा फोटो घ्यावा आणि कागदावर आकृतीही काढावी, कारण फोटोत पुल्या एकमेकींमागे लपतात. टेन्शनर पान्याने स्प्रिंगच्या विरुद्ध दिशेला फिरवला की बेल्ट सैल होतो. काही टेन्शनरना त्याच स्थितीत अडकवून ठेवण्यासाठी पिनेचे भोक दिलेले असते, ते सापडले तर अरुंद जागेत तिसरा हात मिळाल्यासारखे वाटते. बेल्ट जुना असेल, तर तोही आताच बदलावा. हल्लीच्या ईपीडीएम या कृत्रिम रबराच्या बेल्टला पूर्वीसारख्या भेगा पडत नाहीत. तो टायरसारखा आतून झिजतो, म्हणून दिसायला धडधाकट वाटला तरी खाचांची खोली पाहावी. बेल्टवरचा ‘६ पीके १२००’ असा मजकूर म्हणजे सहा धारा आणि १२०० मिलिमीटर लांबी; नवा आणताना हे दोन्ही आकडे जुळावेत.

यापुढचे दोन अडथळे मला जरा सविस्तर सांगावेसे वाटतात, कारण काम अर्ध्यावर सोडून दिले जाते ते बहुधा यांच्यामुळेच. पहिला अडथळा अल्टरनेटरच्या खालच्या लांब बोल्टचा. हा बोल्ट पूर्ण सैल होतो, हाताने फिरू लागतो, चार-पाच बोटे बाहेरही येतो आणि मग त्याचे डोके बॉडीच्या आडव्या पट्टीवर जाऊन आदळते. बाहेर यायला थोडीच जागा हवी असते, पण तेवढीच नसते. अशा वेळी हातोडा उपयोगाचा नाही. इंजिनाच्या खाली लाकडाची जाड फळी ठेवून जॅकने त्याचे वजन अलगद पेलायचे, त्या बाजूचे माउंटिंग सोडायचे आणि इंजिन थोडे वर किंवा खाली घेऊन बोल्टला वाट करून द्यायची. फळी न ठेवता जॅक थेट इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीला लावला, तर पत्रा चेपतो किंवा अॅल्युमिनियमची टाकी तडकते. आणि आधार न देता माउंटिंग सोडले, तर पूर्ण इंजिन खाली बसते. काही गाड्यांत हा बोल्ट ब्रॅकेटमधून (इंजिनावरच्या, अल्टरनेटर धरणाऱ्या चौकटीतून) पूर्ण न काढताच अल्टरनेटर त्याच्यासकट तिरपा करून बाहेर घेता येतो, तेव्हा माउंटिंगला हात लावण्याआधी ती शक्यता तपासून पाहावी.

दुसरा अडथळा नवा अल्टरनेटर बसवताना येतो. जुना ज्या ब्रॅकेटमधून निघाला, त्यातच नवा शिरत नाही. असे वाटते की चुकीचे मॉडेल आले आहे. खरे कारण अल्टरनेटरच्या कानात बसवलेल्या पोलादी बुशात, म्हणजे छोट्या पोकळ नळीत, असते. बोल्ट आवळला की हा बुश सरकतो आणि ब्रॅकेटला घट्ट चिकटून कान व ब्रॅकेट यांच्यामधली फट बंद करतो. नव्या अल्टरनेटरचा बुश बऱ्याचदा आतल्या बाजूला आलेला असतो, त्यामुळे दोन भिंतींमधल्या मापापेक्षा तो किंचित मोठा पडतो. वर्कबेंचवर किंवा जमिनीवर ठेवून, योग्य मापाचा सॉकेट लावून आणि बोल्ट-नट आवळून तो बुश दोन-तीन मिलिमीटर मागे ओढला की तोच अल्टरनेटर बोटाने ढकलला तरी जागेवर जातो. हे बाहेर असतानाच करून ठेवावे; पाचसहा किलोचे धूड एका हाताने आत पेलत दुसऱ्या हाताने बुश ठोकणे कोणालाही जमत नाही, आणि तसे ठोकताना अॅल्युमिनियमचा कान तुटण्याचा धोका वेगळाच.

बसवताना सर्व बोल्ट आधी हातानेच पूर्ण फिरवावेत. ब्रॅकेट बहुधा अॅल्युमिनियमचे असते, आणि तिरपा शिरलेला बोल्ट रॅचेटने दामटला की आटे जातात. जागा अरुंद असेल, तर मागची जाड वायर आणि प्लग हे अल्टरनेटर पूर्ण जागेवर नेण्याआधीच, तो अर्धवट आत असताना जोडून घ्यावेत. नंतर तिथे बोटे पोहोचत नाहीत. जाड वायरीचा नट घट्ट हवा, पण त्याची खिळी तांब्याची किंवा नाजूक असल्यामुळे अंगातली सगळी ताकद लावू नये. तो सैल राहिला तर मात्र तापतो आणि वायर जाळतो. त्यावरचे रबरी टोपण विसरू नये. बेल्ट चढवल्यावर प्रत्येक पुलीवरून बोट फिरवून धारा खाचांत नीट बसल्या आहेत का, ते पाहावे. एक धार जरी पुलीच्या कडेबाहेर राहिली, तरी थोड्याच वेळात बेल्ट उसवू लागतो. मग क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) बोल्टला पाना लावून इंजिन त्याच्या चालण्याच्या दिशेने हाताने एक-दोन फेरे फिरवावे, आणि मगच बॅटरीची वायर जोडावी.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. नवा अल्टरनेटर पूर्ण उतरलेली बॅटरी भरून काढील, असे अनेकांना वाटते. तो ते काम करतो, पण तासभर पूर्ण क्षमतेने तापून. कोऱ्या यंत्राची सुरुवात अशी करू नये. बॅटरी आधी चार्जरवर भरून घ्यावी. निगेटिव्ह टर्मिनलवर बॅटरीचा सेन्सर असेल, तर चार्जरचा निगेटिव्ह चिमटा टर्मिनलवर न लावता बॉडीला लावावा, म्हणजे सेन्सरला आत गेलेल्या विजेचा हिशेब कळतो. त्यानंतर इंजिन सुरू करून पुन्हा तोच मल्टिमीटर, तेच आकडे.

हे सारे वाचून प्रत्येकाने पाना उचलावा, असे माझे म्हणणे नाही. हायब्रिड गाड्यांत नारिंगी केबल दिसल्या की घरच्या दुरुस्तीने तिथेच थांबावे. ज्या माइल्ड हायब्रिड गाड्यांत अल्टरनेटरसारखे दिसणारे यंत्र ४८ व्होल्टवर चालते आणि इंजिनही सुरू करते, तिथे तर वर सांगितलेले चार्जिंगचे आकडे तसेच्या तसे लागू होत नाहीत. चाकाचा दांडा उपसल्याशिवाय किंवा गॅसचे पाइप उघडल्याशिवाय वाट मिळत नसेल, तरी जाणत्या मेकॅनिककडे जाणेच बरे.

माझी खरी तक्रार गाडी बनवणाऱ्यांकडे आहे. गाडीसोबत येणाऱ्या पुस्तिकेत पडद्यावरची चिन्हे आणि फोन जोडण्याच्या पद्धती पानेच्या पाने समजावलेल्या असतात. पण बेल्टचा मार्ग, टेन्शनर फिरवण्याची दिशा, अल्टरनेटर बाहेर येण्याची वाट आणि त्याचे बोल्ट किती न्यूटन-मीटरने आवळायचे, एवढी चार वाक्ये तिच्यात सहसा सापडत नाहीत. ती छापायला एक पान पुरेल. चाकाआडच्या आवरणात क्रँकच्या बोल्टसाठी काही गाड्यांत झाकणासह भोक दिलेले असते. तसेच एक अल्टरनेटरच्या बोल्टसमोर द्यायला तांत्रिक अडचण दिसत नाही. आणि तो लांब बोल्ट बॉडीच्या बाजूने न घालता, आराखडा काढतानाच उलट बाजूने घातला, तर इंजिनाचे माउंटिंग सोडण्याची वेळच येणार नाही.

आपला,
एक वाचक